घंटेचं वर्ष

फार फार जुनी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथल्या काही जणांची नजर पोरवयातच मंदावू लागे आणि वर्षागणिक विझत जाई. त्याच खोऱ्यात एक श्रीमंत विणकरीण राहत होती. तिच्या एकुलत्या मुलाला आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. त्यानं आपला चेहरा पुन्हा एकदा पाहावा, यासाठी तिचा जीव तुटत होता.

खोऱ्यातल्या विद्यापीठातले आचार्य या रोगावर औषध शोधत होते. म्हणून ती दरवर्षी तिथे भरघोस दान देई.

खोऱ्याची एक रीत होती. जत्रेच्या दिवशी दात्यानं आपलं दान गावाला दाखवायचं. कुणी आपल्या विहिरीचं पाणी पाजी, कुणी आपल्या घाटावर पाहुण्यांना बसवी. विणकरणीनं काय दाखवायचं? फसलेल्या काढ्यांच्या बरण्या!

"यंदा काय हाती लागलं?" ती विचारी.

"हेही औषध नव्हे, एवढं कळलं," आचार्य म्हणत.

लोक तोंड फिरवून हसत. एका वर्षी ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. तिनं विद्यापीठासाठी हात आखडता घेतला आणि देवळाला भलीमोठी घंटा दिली. पुढच्या जत्रेत घंटा घुमली आणि जो तो तिचं नाव घेऊ लागला. नाव कुणाला नको असतं? बाई हरखून घरी आली.

मुलगा उंबऱ्यावर वाट पाहत बसला होता. "आई, यंदा कोणतं औषध नव्हे म्हणाले गं?"

तिला ज्या उत्तराची लाज वाटत होती, त्याच उत्तराच्या आशेवर पोर जगत होतं.

ती तशीच विद्यापीठाकडे धावली. वनौषधींचे वाफे सुकले होते, शिष्य पोटामागे पांगले होते.

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल, बाई," आचार्य म्हणाले.

"करा. आता मी मध्येच सोडणार नाही."

तिनं शब्द पाळला. काही वर्षांनी औषध सापडलं. पण डोळ्यांत थोडा तरी उजेड उरला असेल, तरच ते लागू पडे. मुलाचा उजेड आदल्याच हिवाळ्यात गेला होता.

पुढे त्याच्या लेकीची नजर मंदावली आणि त्या औषधानं वाचली. तेव्हा त्यानं तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळ, तुझी आजी कशी दिसते गं?"

पोर आजीकडे बघत राहिली. "खूप म्हातारी झालीये, बाबा. आणि देवळातली घंटा वाजली की रडते."

तात्पर्य: विद्येला दान द्यावं ते धीर धरून, फळ दिसत नाही म्हणून आखडलेला हात कुणाचा तरी उजेड घेऊन जातो.