न कलणारी गाडी

"...मग ठोका का मारत न्हाईसा, उस्ताद? चूक आसंल तर दावा की."

सुकुमार ट्रकखालून बाहेर सरकता सरकता म्हणाला. पाठीला ग्रीस, कपाळाला ग्रीस, आवाज मात्र कोरडा.

दस्तगीर उस्ताद अजून ट्रकखालीच आडवे होते. बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"चूक न्हाई," पाय म्हणाले.

"मग?"

पाय जरा आणखी आत सरकले.

घाटमाथ्यावरच्या त्या गॅरेजात एक रीत होती. काम मनासारखं उतरलं की उस्ताद खिशातला टोकदार पोलादी पंच काढत, पार्टावर टेकवत आणि हातोडीचा एकच ठोका देत. ज्वारीच्या दाण्याएवढी खळगी पडे. तिच्याजवळ नाव नाही, तारीख नाही. पण जुनी गाडी विकत घेणारे ड्रायव्हर आधी खाली वाकून ती खळगी शोधत, मग इंजिनाकडे बघत.

सुकुमार मगदूम कित्येक वर्षं उस्तादांच्या हाताखाली होता. त्याच्या हातच्या कामांवर ठोके पडले होते, पण ती कामं उस्तादांनी सांगून करवून घेतलेली. हे काम पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत त्याचं स्वतःचं होतं. त्या एका खळगीत त्याचा जीव अडकला होता.

आणि काम होतंही तसंच. मी तिथं नेहमी असायचो, कारण माझी स्कूटर तिथं नेहमी असायची. मला गाड्यांतलं फार कळतं अशातला भाग नाही, पण चांगलं काम बघितलं की पोट भरतं, तेवढं कळतं.

गाडी लगमाण्णाची. देशावरच्या बाजारात म्हशी घ्यायच्या आणि घाट उतरून कोकणात पोचवायच्या, हा त्याचा धंदा. गेल्या महिन्यात वळणावर गाडी एका अंगाला कलली आणि एक गाभण म्हैस मागच्या हौद्यात पडली. पाय मोडला. म्हैस गेली, पोटातलंही गेलं. लगमाण्णा गॅरेजच्या दारात येऊन बराच वेळ नुसता बसून राहिला होता. उठताना एवढंच म्हणाला, "गाडी कलती. तेवढी कलायची थांबवा."

आता गाडी कलू नये म्हणून चासीखाली एक आडवा बार असतो. वळणावर एका बाजूचं चाक दबलं, की तो दुसऱ्या बाजूलाही ओढून धरतो. लगमाण्णाच्या गाडीचा बार होता बारीक, आणि त्याची रबरं झिजून गेलेली. सुकुमारने भंगाराचे ढीग उपसले. मोडीत निघालेल्या एका बसचा जाडजूड बार मिळवला, क्रेनच्या पत्र्यातून क्लॅम्प कापले, खाणीतल्या डंपरची रबरं तासून बसवली. बसचा बार ट्रकला थोडा लांब पडत होता. दुसऱ्या कुणीही तो तापवून वाकवला असता. याने बारला हात लावला नाही, क्लॅम्पच सरकवून जागा जमवली.

उस्ताद बाहेर आले. पुन्हा वाकले, हातोडीने बारवर हलकेच टकटक केलं आणि कान लावला.

"आगीत घातला न्हाईस."

"न्हाई. पोलाद मऊ पडतंय."

"तुझ्या वयात मी घातला आसता," उस्ताद म्हणाले. "या घाटात आसा बार कुणी बसवला नसंल, सुकुमार."

सुकुमारचे कान लाल झाले.

"मग मारा की ठोका."

उस्तादांनी खिशात हात घातला. पंच काढला नाही.

"घाट उतरून ये."

सुकुमारने हौद्यात वाळूची पोती रचली, दोराने आवळून बांधली आणि निघाला. आम्ही दुसरा चहा मागवला, तो संपतोय तोवर स्वारी परत हजर. ट्रकमधून उतरला तोच छाती पुढे काढून.

"निम्म्या येळात गेलो आन् आलो. एका बी वळणाला गाडी कलली न्हाई, उस्ताद. टेबलावर बसल्यागत."

"मागं कोण हुतं?"

"पोती."

"पोती काय म्हणाली?"

सुकुमार हसला. उस्ताद हसले नाहीत.

त्यांनी पोती उतरवायला लावली. मग हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि मागच्या फळकुटाला धरून हौद्यात चढू लागले. गुडघे गेलेला माणूस. सुकुमार धावला.

"उस्ताद, केबिनमधी बसा."

"म्हशीला केबिन आसती?"

"मग दोर तरी बांधतो, धरायला."

"म्हशीला हात आसत्यात?"

उस्ताद हौद्याच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"चल."

मी केबिनमध्ये बसलो. मी म्हैस नव्हतो.

पहिलं वळण सुकुमारने जपून घेतलं. दुसरंही. मान सारखी मागच्या काचेकडे. पण त्या गाडीचं कौतुक करावं तेवढं थोडं होतं. वळणावर समोरची दरी फिरायची, झाडं फिरायची, पण गाडीचं बूड जमिनीला सपाट. मी काचेजवळ ठेवलेली काडेपेटी जागची हलली नाही. चांगलं काम हातात असलं की माणसाला त्याची धुंदी चढते. घाट पुढे थोडा मोकळा झाला आणि सुकुमारची मान काचेकडे वळायची थांबली. पाय आपोआप खाली गेला.

पुढचं वळण आलं, आणि गेलं. गाडी कलली नाही.

मागे फळ्यांवर काहीतरी धप्पकन पडलं.

ब्रेक लागला. सुकुमार दार उघडं टाकून धावला. मीही उतरलो. उस्ताद हौद्याच्या कोपऱ्यात बसले होते. डोक्यावरची टोपी लांब पडलेली, कोपर सोलून निघालेलं.

"उस्ताद..."

"गाडी कलली?"

"न्हाई."

"जरा बी?"

"न्हाई, उस्ताद."

"मग मी कसा पडलो?"

खांद्यावरच्या फडक्याने सुकुमार त्यांचं कोपर पुसायला गेला, तर ते फडकं ग्रीसने माखलेलं. मी माझा रुमाल दिला. उस्तादांनी तो बांधून घेतला, टोपी झटकून घातली आणि फळकुटाला धरून उठले.

"चल. घाट ऱ्हायलाय आजून."

"आता पुढं बसा. पाया पडतो तुमच्या."

"पडलेली म्हैस कुणी केबिनमधी घेतली का?"

ते पुन्हा मधोमध उभे राहिले. हात पाठीमागे.

राहिलेला घाट सुकुमार कसा उतरला ते मी विसरणार नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या. एकाने पुढे निघून जाताना शिवीही घातली. याला ऐकूच आली नाही. प्रत्येक वळणाआधी तो काचेतून मागे बघायचा, वळणातून बाहेर पडल्यावर पुन्हा बघायचा. कपाळावरून घाम ओघळत होता. पायथ्याला गाडी थांबली तेव्हा उस्ताद होते तसेच उभे होते. सुकुमारने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गुडघे गेलेल्या त्या माणसाने तोंडाने शिकवण्याऐवजी स्वतःची हाडं पणाला लावली होती.

गॅरेजात परतल्यावर सुकुमार पाना घेऊन थेट ट्रकखाली शिरला.

"काय कराय लागलास?" उस्तादांनी विचारलं.

"बार काढतो. जुनाच बसवतो. गाडी कलली की येग जास्त झाला ते डायव्हरला कळंल तरी."

"जुन्या बारवर म्हैस पडली न्हवती?"

पाना थांबला.

"मग करू काय?"

उस्ताद चहा पीत राहिले. कप संपला, तसा तो विसळून ठेवला. मग सुकुमार बाहेर आला, पाना धुऊन पुसून जागेवर ठेवला आणि घरी गेला. बार होता तिथंच होता. ठोका पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लगमाण्णा आला. आधी खाली वाकला. खळगी दिसेना, तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला. पण जाड बार बघितला, हाताने दाबून बघितला, हौद्याच्या कडेला लोंबकळून गाडी हलवून बघितली. गाडी जागची हलली नाही. लगमाण्णा खुलला. किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला,

"भले! आता जरा पाय सैल सोडला तरी चालंल की."

सुकुमारने उस्तादांकडे बघितलं. उस्ताद कोपरावरची पट्टी नीट करत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

सुकुमारने लगमाण्णाच्या बोटातून किल्ली काढून घेतली.

"अण्णा, तुमी मागं चढा. गाडी मी चालवतो."

"मागं?"

"हौद्यात. मधी उभं ऱ्हावा."

"आरं, आन् धरू कशाला?"

सुकुमारचा आवाज अगदी हळू होता.

"तुमच्या म्हशी कशाला धरत्यात, अण्णा?"

लगमाण्णा त्याच्याकडे बघत राहिला. मग रिकाम्या हौद्याकडे. ती म्हैस जिथं पडली होती त्या कोपऱ्यात त्याची नजर थांबली... त्याने चपला काढून खाली ठेवल्या आणि अनवाणी वर चढला. मधोमध उभा राहिला.

सुकुमार केबिनकडे वळला. ठोक्याचं त्याने विचारलं नाही. मला वाटतं, त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

तो किल्ली फिरवणार तेवढ्यात उस्तादांनी हात वर केला. काठी भिंतीला टेकवली, हातोडी उचलली, आणि कण्हत कण्हत ट्रकखाली गेले. बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसत होते.

एकच ठोका ऐकू आला.

"आता बसला बार."