दाराला चिकटवलेली नोटीस

घरमालकाने अपील केलंय हे सुंद्राबाई कासारणीला कळलं ते सुनावणीच्याच सकाळी, पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा. बांगड्यांची पेटी शेजारणीकडे टाकून ती कोर्टात धावली. आज निकाल लागला असता, तर राहती खोली गेली असती.

"साहेब, उत्तर द्यायला मुदत द्या. कागद आत्ताच मिळाले."

मालकाचे वकील नाडगौडा हसले. असल्या बायकांना उत्तर देणंही त्यांना कमीपणाचं वाटे. ते न्यायाधीशांना म्हणाले, "नाटक आहे हे. बेलिफाने महिन्यापूर्वीच नोटीस हिच्या बंद दाराला चिकटवली. पंचांच्या सह्या आहेत. हिने पाहिली नाही, त्याला कोर्ट काय करणार?"

सुंद्राबाईने पाकिटातलं अपील पुढे केलं. "साहेब, यात यांनीच लिहिलंय, खोलीला दोन वर्षं दार नाही, म्हणून तिथे कुणी राहत नाही. दार मालकांनीच उपटून नेलं. मी गोणपाट बांधून राहते. आता वकीलसाहेबांनीच सांगावं. दार असेल तर अपील खोटं, नसेल तर बजावणी खोटी. माझं कशालाच ना नाही."

न्यायाधीशांनी नाडगौडांकडे पाहिलं. आपलं अपील नाडगौडांनी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

सुंद्राबाईला महिन्याची मुदत मिळाली, आणि बेलिफाला खुलाशाची नोटीस. ती मात्र त्याच दिवशी त्याच्या हातात पडली.