डाव्या मांडीचा शड्डू

“पण दादा, शड्डू डाव्याच मांडीवर का ठोकायचा?”

कोलंबी सोलता सोलता भालचंद्र नाखवांचे हात थांबले. त्यांनी निनादकडे पाहिलं. मग त्याच्या डाव्या मांडीकडे पाहिलं.

“कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच. म्हणजे... टीव्हीवर. सगळ्या सामन्यांत.”

निनाद मोकल एकोणीस वर्षांचा, पेणजवळच्या एका गावचा चढाईपटू. भालचंद्रदादा त्याचं दैवत. अकरा वर्षं व्यावसायिक कबड्डी गाजवून ते आता रेवदंड्याला घरी बसले होते. गावात निनादला सगळे ‘छोटा भालचंद्र’ म्हणत, आणि ते नाव त्याने घाम गाळून मिळवलं होतं. जुने सामने पाहून पाहून दादांची चाल, वळणं, उभं राहणं, सगळं त्याने अंगात भिनवून घेतलं होतं. येत्या रविवारी पुण्यात एका मोठ्या संघाची निवड चाचणी होती. टीव्हीवर दिसत नाही असं एखादं गुपित तेवढं राहिलं होतं. ते विचारायला तो आणि त्याचा जोडीदार प्रणय पहिल्या एसटीने आले होते.

दादांनी पुढची कोलंबी उचलली.

“उजवीला गळू झालं होतं. पहिल्याच वर्षी. मग तीच सवय लागली.”

प्रणयला खोकला आला. निनाद चार वर्षं डावी मांडी लालबुंद करून घेत होता.

तरी त्याने धीर सोडला नाही. चढाईला जाताना दादा मान डावीकडे कलती ठेवत, ती समोरच्यांना चकवायची युक्तीच असणार, असं त्याने मोठ्या अदबीने मांडलं. दादांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. तो लहानपणापासून अधू. पंचांची शिट्टी ऐकायची तर उजवा कान वर करावा लागे.

तिसरा प्रश्न दादांच्या मिशीविषयी होता. तो निनादने गिळला.

पण आता त्याला थोडा रागही आला. तुमचा असा एक डाव नाही जो मला जमत नाही, तो म्हणाला. तुम्ही लपवून ठेवलेलं तेवढं एक दाखवा, रविवारी संघात गेलोच म्हणून समजा.

कोलंबीचं ताट दादांनी प्रणयच्या मांडीवर ठेवलं. अंगणात टाचेने एक रेघ ओढली, रेघेपलीकडे पाट टाकला, लुंगी सावरली आणि पाटावर बसले.

“ये. मला हात लाव आणि परत जा.”

...एवढंच?

निनादला लगेच कळलं. हा सापळा होता. त्याने शड्डू ठोकायला हात उचलला, कुठल्या मांडीवर ते ठरेना, तसाच आत शिरला.

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

तो डावीकडून गेला. दादा बसलेले. उजवीकडून गेला. दादा बसलेले. त्याची नजर त्यांच्या पायांवर खिळली होती. आता उठतील, आता ती घोट्याची पकड घालतील... दादांनी खांद्यावरची माशी उडवली, आणि निनाद दोन हात मागे उडाला.

“कबड्डी... कबड्डी...”

दादांची बायको घरातून आली. दोघांच्या मधून चालत प्रणयकडे गेली, अजून किती सोलायच्यात ते पाहिलं, दोघांनीही जेवूनच जायचं असं बजावलं आणि तशीच मधून परत गेली.

“कब...”

दम तुटला. निनाद गुडघ्यांवर हात टेकून वाकला. दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. पहिल्यापासून तिथेच होते.

प्रणयने ताटात मान घातली.

“हात का नाही लावलास?” दादांनी विचारलं.

“वाट बघत होतो,” निनाद धापा टाकत म्हणाला. “तुम्ही काय करता त्याची.”

“मी तुझी वाट बघतोय,” दादा म्हणाले. “अजून आलाच नाहीस.”