इनामदारांचं बुटकं झाड

घाटमाथ्यावरच्या एका गावात आबासाहेब इनामदारांच्या घराण्याची रीतच होती, की इनामदारानं कशासाठीही मान वर करायची नाही. म्हणून त्यांच्या परसातलं सफरचंदाचं झाड माळी दर हिवाळ्यात छाटून छातीएवढं ठेवायचा. शेजारच्या चिमाआत्यांचं झाड मात्र कौलांच्याही वर गेलं होतं. दोन्ही कलमं आत्यांनीच बांधलेली, तीही एकाच झाडाची.

एके सकाळी इनामदार कुऱ्हाडवाल्यांना घेऊन आत्यांच्या अंगणात आले.

"म्हातारे, आम्हाला बुटकं कलम देऊन उंच स्वतःला ठेवलंस! तोडा रे ते झाड!"

आत्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. खोडाला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या.

"कलम एकच आहे, आबासाहेब! तुमच्या दारात कुणी डोकं वर काढलं की तुम्ही ते छाटता. माणसांनी सोसलं, झाडानंही सोसलं. आता ते बुटकं राहिलं, तर गुन्हा माझा? आधी तुमची कात्री मोडा, मग माझ्या झाडावर कुऱ्हाड उचला!"

इनामदारांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. सगळे नेहमीसारखे माना खाली घालून उभे होते. पण खाली घातलेल्या प्रत्येक तोंडावर हसू होतं, आणि कुऱ्हाड कुणीच उचलली नाही.