तळ्यातला नाच

फार जुन्या काळी, इथून पुष्कळ दूरच्या थंड मुलखात, पांढऱ्या दगडाच्या डोंगरावर एक चिमुकलं गाव होतं. थोडीशी घरं, मधोमध एक म्हातारं लिंडनचं झाड आणि झाडाखाली एक तळं.

तो डोंगर मोठा लबाड होता. आतून सगळा पोखरलेला. वर पडलेला पाऊस भेगांमधून गडप व्हायचा आणि खाली दरीत नदी होऊन निघायचा. पाऊस डोंगरावरच्यांचा आणि नदी दरीवाल्यांची! डोंगरावर पाणी टिकायचं ते फक्त त्या तळ्यात.

गावाची एक गमतीदार रीत होती. दर वसंतात सारं गाव गुराढोरांसकट तळ्यात उतरून नाचायचं. आजोबा, नवी सून, बैल, बकऱ्या, सगळे चिखलाने माखायचे. का नाचायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वज लढाईला भिऊन दरीतून वर आले, तेव्हापासून चालत आलंय, एवढंच लोक सांगायचे.

एके वर्षी मुखियाच्या मुलीचं लग्न दरीतल्या घरी ठरलं. सोयरे गाव बघायला आले. तळ्यात डोकावून त्यांनी नाकाला रुमाल लावले.

"हे पाणी पिता तुम्ही? आणि यात बैलांबरोबर नाचता?"

मुखियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हुकूम सोडला, "आजपासून नाच बंद! आणि लग्नाआधी तळं तळापर्यंत साफ झालं पाहिजे."

लोकांनी कंबर कसली. पाणी पिंपांत भरून ठेवलं. सगळा चिखल खरवडून कड्यावरून दरीत ढकलला. तळाचा दगड कसा लख्ख दिसू लागला! मग जोराचा पाऊस आला, तळं काठोकाठ भरलं आणि मुखिया मिशीला पीळ देत घरी गेला.

सकाळी तळं कोरडं ठाक होतं.

पुन्हा पाऊस आला, पुन्हा तेच. पिंपं संपत आली, गुरं हंबरू लागली. काही घरांनी तर गाठोडी बांधायला घेतली. पाण्यावाचून गावात राहायचं कसं?

मुखियाची मुलगी तळ्यात उतरून तळ बघत फिरत होती. झाडाच्या मुळांखाली, जिथे फावडं पोचलं नव्हतं, तिथे एक बकरी मान घालून पाणी पीत होती.

"बाबा, इकडे या! इथे चिखल राहिलाय, आणि इथेच पाणी राहिलंय."

मुखिया गुडघ्यांवर बसला. त्याने तो चिखल बोटांनी दाबून पाहिला. मग त्याला रडूच कोसळलं. "आपले पूर्वज नाचत नव्हते गं. ते चिखल तुडवून तळाच्या भेगा बुजवत होते. आणि मी चार लोकांच्या रुमालाला भ्यालो."

गाव टोपल्या घेऊन दरीत उतरलं आणि टाकलेली चिकणमाती पाठीवरून वर आणू लागलं. सोयरे बघून हसले. नवरा मुलगा मात्र हसला नाही. त्याने एक टोपली उचलली.

लग्न ठरल्या दिवशीच लागलं, तळ्यात. नवरा-नवरी, बैल, बकऱ्या सगळे मिळून माती तुडवत नाचले. रात्री पाऊस आला आणि सकाळी तळ्यात पाणी होतं.

तेव्हापासून त्या गावात पोरांना नाच शिकवण्याआधी नाचाचं कारण शिकवतात.

तात्पर्य: रीत पुढे चालवायची असो की मोडायची असो, ती कशासाठी पडली हे आधी शोधावं.