केरबा आणि जावयाची पहिली आंघोळ

आमच्या गावात केरबा नावाचा एक भोळा टाइलवाला होता. हात त्याचा चांगला. सांगितलेलं सगळं करायचा. घोटाळा तिथंच होता.

आमच्या शेजारच्या सोनाक्कांनी त्याला नव्या न्हाणीघराचं काम दिलं. नवे जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते. स्वभावानं जरा मानपानाचे. त्यांची आंघोळ नीट झाली नाही तर विहीणबाई वर्षभर बोलून दाखवतील, असं सोनाक्कांनी मला कुंपणावरून दहादा सांगितलेलं.

पहिल्या दिवशी केरबानं टाइलला टाइल चिकटवून भिंत भरली.

सोनाक्का म्हणाल्या, "अरे, मधे फट ठेव. चिकटून बसवल्या की फुगतात, एकमेकींना ढकलतात आणि उखडून पडतात."

"किती फट, आक्का?"

"काडेपेटीच्या काडीएवढी."

दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन टाइलांमध्ये आख्खी काडी आडवी मावत होती. पालीचं बिऱ्हाड राहिलं असतं.

"काडीएवढीच आहे. मोजून घ्या," केरबा म्हणाला.

"जाडीएवढी रे बाबा. लांबीएवढी नव्हे."

केरबानं सगळं काढलं, पुन्हा लावलं. या खेपेला भिंत झकास जमली.

तेवढ्यात जावई आले. ओसरीवर लेकीशेजारी टेकले. केरबानं लांबून बघितलं, खिशातून काडी काढली आणि दोघांच्या मधे धरली.

"जरा सरका पाव्हणं."

"का हो?"

"चिकटून बसलात तर फुगाल. मग एकमेकांना ढकलाल. मग उखडाल. मला पुन्हा काढघाल नको."

लेक पदरात तोंड लपवून हसली. जावई मात्र हसले नाहीत.

सोनाक्कांनी केरबाला हाताला धरून न्हाणीत नेलं. "तुझ्या फटी पुरे झाल्या. आता पांढरं सिमेंट कालव आणि बुजव. एक फट उघडी दिसता कामा नये."

केरबानं सांधे सुरेख भरले. मग मोरीची जाळीही भरली.

"अरे, पाणी जाणार कुठून?"

"फटी होत्या की त्यात, आक्का."

मोरी छिन्नीनं फोडावी लागली. सोनाक्का हात जोडून म्हणाल्या, "हे बघ, पाणी जायची वाट तेवढी सोड. बाकी सगळं बंद. आणि भरलं की चोवीस तास कुणाला हात लावू द्यायचा नाही." केरबानं ते घोकून पाठ केलं.

दोन दिवसांनी दिवाळीची पहिली आंघोळ आली. सोनाक्कांनी जावयांना पाटावर बसवून तेल-उटणं लावलं, ओवाळलं. जावई खुशीत न्हाणीत गेले, आतून कडी लावली. सोनाक्का फराळाची ताटं वाढायला वळल्या. चला, पार पडलं, असं मलाही वाटलं.

केरबा आपली घमेली आणि उरलेलं पांढरं सिमेंट न्यायला आला होता. बघतो तर न्हाणीच्या दाराच्या चारी बाजूंनी वाफ येतेय.

थोड्या वेळानं आतून दार ढकलल्याचा आवाज आला. मग हाक आली, "अहो, दार उघडत नाही."

सोनाक्का धावल्या. दाराभोवती पांढऱ्या सिमेंटची एकसारखी सुबक रेघ, आणि समोर हात पसरून केरबा उभा.

"हात लावायचा नाही, आक्का. चोवीस तास."

आतून जावयांचा बारीक आवाज आला, "निदान टॉवेल तरी द्या. बाहेर दोरीवर राहिलाय."

केरबानं दार वरपासून खालपर्यंत निरखलं आणि समाधानानं म्हणाला, "कुठून देऊ, पाव्हणं? एकसुद्धा फट ठेवलेली नाही."