तानीची पाच चित्रं

डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं घर होतं आणि त्या घरात दिवसभर एकटी तानी. बाबा सकाळीच चित्रांचं गाठोडं घेऊन गावोगाव जायचे. चित्रं दाखवून गोष्टी सांगायचे, मिळेल ती पसाभर नाचणी घेऊन संध्याकाळी परतायचे. पण साऱ्या जगाला गोष्टी सांगणारे हे बाबा घरी आले की गप्प! तानीची आई देवाघरी गेल्यापासून ते असेच झाले होते. "आई कशी बोलायची हो?" असं तानीनं विचारलं की चूल फुंकत बसायचे आणि धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायचे.

आईनं स्वतः काढलेली पाच चित्रं घरात होती, लाल फडक्यात बांधलेली. पण सगळी सुटी. ना पाठीवर आकडा, ना अक्षर. ती कुठली गोष्ट, हे तानीला सांगणारं कुणी नव्हतं. फार फार एकटं वाटायचं तिला.

अंगणात एक गुलबक्षीचं रोप होतं. एके दिवशी ऊन असं तापलं की रोपानं मानच टाकली. घागरीत तांब्याभरच पाणी उरलं होतं आणि तानीचा घसाही कोरडा पडला होता.

"आधी तू पी गं बाई," तानी म्हणाली आणि तिनं सगळं पाणी रोपाला घातलं.

ऊन कललं, तशी एक गुलाबी कळी अलगद उमलली. आतून बाहेर आली बोटाएवढी परी! पिवळेधमक पंख, गुलाबी झगा, केसांत चमचमणारे पाण्याचे थेंब.

"स्वतः तहानलेली राहिलीस आणि मला पाणी दिलंस," परी म्हणाली. "माग काहीतरी. पण एकदाच हं."

तानीला विचार करावाच लागला नाही. "मला आईचा आवाज ऐकायचाय."

"मग तिची चित्रं मांड. आधी घडलं ते आधी, नंतर घडलं ते नंतर. बरोबर लागली तरच ती बोलेल."

तानीनं चित्रं पसरली. एकात आई बी पेरत होती. एकात छपरावर चढलेला वेल, त्याला पिवळी पिवळी फुलं. एकात हा एवढा मोठा लाल भोपळा! एकात आई भोपळा चिरत होती, शेजारी इवलीशी तानी आणि अंगणभर मुलंच मुलं. आणि एकात आई खाटेवर पडलेली, थकलेली.

खाटेचं चित्र तानीनं सगळ्यांत आधी ठेवलं. मग बी, वेल, भोपळा आणि शेवटी मुलांमध्ये हसणारी आई. आधी आजारी, मग बरी. असंच व्हायला हवं होतं ना!

चित्रं गप्पच राहिली.

"मला अशीच गोष्ट हवी आहे," तानी रडवेली होऊन म्हणाली.

"कळतं गं मला, राणी," परी हळूच म्हणाली. "पण नीट बघ. खाटेवर आईच्या हातात काय आहे?"

तानी वाकली. आई लाल फडक्याच्या टोकाला भोपळ्याच्या बिया बांधत होती आणि उशाशी त्याच लाल भोपळ्याची चिरलेली फोड होती. भोपळा चिरल्याशिवाय बिया कुठून येणार? तानीला खूप रडू आलं. रडत रडतच तिनं ते चित्र उचललं आणि शेवटी ठेवलं.

"तानुले," आईचा आवाज आला, मऊ मऊ, थोडा घोगरा. "बी पेरलं, वेल चढला, भोपळा लागला, सगळ्यांनी मिळून खाल्ला. मग मी थकले गं. पण बिया तुझ्यासाठी ठेवल्यात."

अंगणात सोनेरी उजेड पसरला, पंख लुकलुकले आणि परी त्या उजेडात विरून गेली. तानीनं फडक्याच्या टोकाची गाठ सोडली. आत खरंच पाच बिया होत्या!

बाबा आले. तानीनं त्यांना समोर बसवलं आणि एकेक चित्र ठेवत गोष्ट सांगू लागली.

"मग?" बाबा विचारायचे. तानी पुढचं चित्र ठेवायची. "मग?"

खाटेचं चित्र आलं. बाबांनी मान खाली घातली. या वेळी चूलही पेटलेली नव्हती. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग?"

तानीनं मूठ उघडली. "मग आपण दोघांनी पेरायचं."